धोंडुबाईचं ताक

मुक्काम वाडी, पोस्ट उंब्रज
श्रावण वद्य ६, शके १८६६

चि. चंद्रा हिला आजीचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे तसाच. आशीर्वाद काही नासत नाही.

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "रंगूआजी, सांगलीचं हाय. वाचून दावू का?" मी म्हटलं, "तुझ्या बायकोचं आलं की ते वाच." मला वाचता येतं हे लोक विसरतात. माझा बाप सत्यशोधक, म्हणून लेकीला पाटी मिळाली. तिसरीपर्यंत शिकले. बोलताना मी हाय म्हणते, लिहिताना आहे लिहिते, कारण हाय लिहिलं की मास्तर छडी मारायचा. मास्तर मरून चाळीस वर्षं झाली, हात अजून त्याला भितो.

तर जेठात तुझा निरोप आला म्हणून धुळा धनगराच्या हाती मी जे गाठोडं पाठवलं, सातविणीची साल आणि कळलावीची मुळं, त्याचा तू काम करतेस त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अर्क काढला आणि कोंबड्यांना पाजला. आणि त्याआधी त्या कोंबड्यांना तुम्हीच हिवताप दिला! चंद्रे, मी हे दोनदा वाचलं. इथं माणसं तीन-तीन गोधड्यांत कुडकुडतात, आणि तिकडं धडधाकट कोंबडीला सुईनं ताप टोचून वर तिची विचारपूस करतात. डॉक्टरांना सांग, ताप हवा असला तर आमच्याकडून गाडीभर घेऊन जा. कोंबड्यांना कशाला त्रास?

दहातल्या सात कोंबड्या जगल्या, तू आणि डॉक्टर स्वतःही तो अर्क प्यालात आणि तुम्हांला काही झालं नाही, हे वाचलं. बरं झालं. जपान्यानं जावा बेट घेतल्यापासून हिवतापावरचं कोयनेल डोळ्याला दिसत नाही. असेल ते पलटणीला जातं. तुझ्या बापाचं ब्रह्मदेशाच्या हद्दीवरून पत्र आलं, त्यांना पिवळ्या गोळ्या देतात आणि सगळी पलटण हळद लागल्यासारखी दिसते म्हणतो. लग्नं कुणाशी लागणार आहेत देव जाणे.

एक गोष्ट मला रुचली नाही. तू लिहितेस, "आजी, औषध तू मला सांगितलंस. घरात दुसऱ्या कुणाला नाही. नवऱ्याच्या घरून निघून आले तेव्हा तू मला दोनदा परत धाडलंस तो राग आहेच, पण हे तू मलाच दिलंस हे मी विसरले नाही. माझ्या वहीत आहे. डॉक्टरांना वही दाखवली."

वही कशाला दाखवलीस? वहीवरून काही करू नका. मुळं लागली तर मला कळव. मी इथं तयार करून पाठवीन. का ते विचारू नकोस, म्हातारीची खोड समज.

धोंडुबाई भिंतीपलीकडे आहे तशी आहे. सकाळी ताकाचं मोगं माझ्या उंबऱ्यात ठेवते आणि म्हणते, "आवं जाऊबाई, इतकं ताक पिऊन तुमी आंबट झालाय." मी म्हणते, "तू न पिता झालीस." तुझी आठवण काढत होती.

तुझी आजी
रंगूबाई

भाद्रपद शुद्ध ९

चि. चंद्रा,

तुझं उत्तर नाही. कामात असशील.

काल धुळा आला होता. मेंढरं घेऊन जतकडे परत निघालाय. हसत हसत म्हणाला, "आजी, तुमच्या नातीच्या डागदरानं कळलावीची दोन पोती सांगितली या. पाटणच्या डोंगरातनं खणून आणतो. तुमचं म्हातारपणाचं काम वाचलं बघा."

मी म्हटलं, "धुळ्या, तुझी मेंढरं कळलावीला तोंड लावतात का रं?"

"लावायला ती काय येडी हाईत?"

"मग मेंढराला कळतं ते तुला कळत न्हाई?"

"मी कुठं खाणार हाय? मी नुसतं पोचवणार."

गेला. म्हणून हे लिहिते.

तुझे चुलतआजोबा कशानं गेले हे तुला लहानपणी सांगितलेलं आहे, पुन्हा सांगते. मानमोडीची साथ आली त्याच्या आदल्या साली जोतिबाभावजींना हिवताप आला. मी माहेरी गेले होते. धोंडुबाईनं माझं औषध आपल्या हातानं केलं. काय शिवाशीव झाली, काय नेम चुकला, देवी कोपली. रेड्यासारखा गडी, रात्रंदिवस उलट्या आणि ढाळ, तिसऱ्या दिवशी घोंगड्यात गुंडाळून नेला. मी आले तेव्हा चितेची राख सावडून झाली होती. त्या दिवसापासून धोंडुबाई कुणाला औषधाचं पान तोडून देत नाही. तिच्या हाताला गुण नाही हे ती स्वतःच सांगते. शेजारची पोर पडून गुडघा फोडून घेते, तर हळद लावायलासुद्धा मला हाक मारते.

म्हणून म्हणते, औषध ज्याच्या त्याच्या हातानं होत नाही. तुमच्या डॉक्टरांना काच आहे, दुर्बीण आहे, पण हाताला गुण आहे का ते काचेत दिसत नाही. धुळ्याची पोती तशीच ठेव. मुळं इकडे पाठव. मी करून देते. आठ-दहा दिवस लागतील. कोंबड्यांना तेवढी घाई नसेल.

कोंबड्याच ना? उलट टपाली लिही.

आजी

भाद्रपद वद्य ४

चंद्रा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. चार वेळा वाचलं.

माधवनगरच्या गिरणीत चाळीस माणसं तिजाऱ्यानं पडली आहेत, दर तिसऱ्या दिवशी ताप. माग बंद पडलेत. कोयनेल नाही. डॉक्टर घटस्थापनेपासून त्या चाळीस जणांना अर्क पाजणार. धुळ्याच्या मुळांचा अर्क तू स्वतः वहीप्रमाणे काढते आहेस. आणि तुमच्या डॉक्टरांचा नियम आहे, जो अर्क काढतो त्यानं तो आधी प्यायचा. म्हणून वद्य बारसेला सकाळी तू पिणार. तुझ्याबरोबर पीरमहंमद नावाचा विणकर पिणार, कारण तो म्हणतो, "बाई, कोंबडी जगली तर आमी बी जगू. अन् न्हाईच जगलो तर कोंबडीसंगं बसून खाऊ." चांगला माणूस दिसतो.

शेवटी लिहिलंयस, "आजी, तुझं नाव मी डॉक्टरांच्या कागदावर घालायला लावणार आहे. रंगूबाईचा अर्क."

आता ऐक. हे पत्र मला कुणाकडून लिहून घेता येत नाही, म्हणून वेडंवाकडं असलं तरी माझ्याच हातचं आहे.

आमच्या घरात हे औषध सासू सुनेला देते. लेकीला देत नाहीत, नातीला नाही. ती परक्या चुलीवर जाते. तुझी आई लवकर गेली, बाप पलटणीत, दुसरी सून घरात आली नाही. तू सोळा वर्षांची होतीस, लग्न ठरलेलं, पदर धरून बसलीस. मी सांगितलं. पण माझ्या सासूनं मला देताना बजावलं होतं, घराबाहेर सांगायची वेळ आलीच तर एक गोष्ट मागे ठेवायची. सगळं सांगितलं की हाताचा गुण जातो.

तुला सांगताना मी एक गोष्ट मागे ठेवली.

कळलावीचं मूळ तसंच कधी वापरायचं नाही. आधी ताकात घालायचं. सात दिवस. रोज जुनं ताक ओतून द्यायचं, नवं घालायचं. मडकं गोठ्यात असतं, कडब्याच्या गंजीखाली. लहानपणी तू विचारायचीस, "आजी, इतकं ताक जातं कुठं?" मी म्हणायचे, पोटात.

जेठात पाठवलेली मुळं ताकातून काढून वाळवलेली होती. म्हणून कोंबड्या जगल्या. म्हणून तू जगलीस आणि तुझे डॉक्टर जगले. धुळ्याच्या मुळांनी ताक बघितलेलं नाही. ते विष आहे. पिऊ नको. त्या विणकराला पिऊ देऊ नको. खड्डा खणून ओत, उघड्यावर टाकलंस तर कुत्री तोंड लावतील.

आजी

भाद्रपद वद्य ९

वरचं पत्र टाकलं नव्हतं. जात्याच्या पाळीखाली ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी वाटलं, तू अजून अर्क काढला नसशील, मी नुसतं थांबा एवढंच लिहिलं तरी भागेल. दुसऱ्या दिवशी ओढ्याला पाणी होतं. तिसऱ्या दिवशी पाटलाची सून तापानं फणफणलेली आणली. माझ्या हातचं प्याली, घाम फुटला, डोळे उघडून म्हणाली, "आत्याबाई, तुमचा हात म्हंजी देव हाय." ती गेल्यावर मी हाताकडं बघत बसले. घर तुझ्या बापाचं, रान भाऊबंदांचं, हात तेवढा माझा. सगळं कागदावर उतरवलं तर त्यात काय राहणार?

चौथ्या दिवशी सकाळी धोंडुबाई ताक ठेवून गेली आणि मला ते मोगं उचलेना.

आज उंब्रजला चालत गेले. म्हटलं तार करावी. तारमास्तर म्हणाला, "आजी, तारा कापल्यात पोरांनी. पत्रीसरकारला इचारा, कवा जोडत्यात ते." मग हे पाकिटात घातलं. बारसेला पोचेल. सकाळच्या टपालानं पोचायला पाहिजे.

पिऊ नको चंद्रा.

आश्विन शुद्ध १०, दसरा

चंद्रा,

दवाखान्यात बारा दिवस तुझ्या उशाशी बसले, तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. म्हणून घरी येऊन लिहिते. बोललीस ते फक्त परिचारिकेशी, "यांना घरी जायला सांगा." यांना म्हणालीस. आजीला म्हणाली नाहीस.

माझं पत्र दुपारच्या टपालानं आलं. तुम्ही सकाळी आठला प्यालात.

पत्र टाकल्यावर मला घरात बसवेना. दुसऱ्याच दिवशी कऱ्हाडला जाऊन आगगाडीत बसले, ताकाचं मडकं मांडीवर घेऊन. गाडी वाटेत दोन दिवस उभी होती, पुढं रूळ उखडले होते. मी सांगलीत पोचले तेव्हा तुझे डोळे आत गेले होते आणि खाटेखाली घमेलं होतं. मला ते ओळखीचं होतं. तसला वास मी एकदाच घेतला आहे, माहेराहून परत आले तेव्हा भावजींच्या खोलीत.

डॉक्टर तरुण आहेत. मला वाटलं होतं कुणी टोपीवाले म्हातारे असतील. माझ्या पत्राचा कागद त्यांच्या हातात होता. म्हणाले, "आजीबाई, ताक हा एक शब्द. एवढा लिहायला किती दिवस लागतात?"

मी म्हटलं, "पाच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "रांगेत चाळीस माणसं होती. तुमची नात आधी प्याली म्हणून त्यांतली एकोणचाळीस घरी आहेत." मग त्यांनी माझ्याकडून मडकं मागितलं. मी दिलं. माझ्या सासूनंतर त्या मडक्याला परका हात पहिल्यांदा लागला.

पीरमहंमद तिसऱ्या दिवशी गेला. ते तुला आधी कळू दिलं नव्हतं, मग कुणीतरी बोललं. दवाखान्याच्या पायरीवर एक बाई बसली होती, मांडीवर त्याचा डबा. मला माहीत नव्हतं ती कोण. मला जागा करून दिली, म्हणाली, "तुमची नात हाय व्हय आत? लय चांगली बाई. आमच्या मालकाला लय जपून पाजलं तिनं. म्हणली, घाई करू नका, थोडं थोडं घ्या." मी म्हटलं, व्हय, माझी नात. तिचं नाव साबेरा. तिनं मला पाणी दिलं, मी प्याले.

तुझं पोट थांबलं तेव्हा सगळे म्हणाले, निभावली. मी म्हणाले नाही. नवव्या दिवशी तुझी वेणी घालायला घेतली आणि वेणी माझ्या हातात आली. ओल्या भिंतीचा गिलावा सुटावा तशी, एक कळ न देता. तू माझ्या हातातली वेणी बघितलीस आणि भिंतीकडे तोंड केलंस.

वेणी मी पदरात बांधून आणली आहे. टाकवत नाही आणि ठेववतही नाही.

आज गावात सोनं वाटलं. मी दार लावून बसले. धोंडुबाई मात्र आली. आपट्याचं पान हातावर ठेवून पाया पडली आणि विचारलं, "चंद्री कशी हाय वं?" मी म्हटलं, जगती. ती म्हणाली, "माझ्या हातनं तवा तसं झालं नसतं तर मी तिला दूध पाठवलं असतं. पर माझा हात असला. नको बाई." आणि मोगं ठेवून गेली.

आजी

कार्तिक शुद्ध ५

चंद्रा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर कापतंय, बोटांत अजून जीव आला नाही वाटतं. तरी स्वतः लिहिलंस. माझीच नात.

डॉक्टरांनी माझं मडकं तपासलं ते कळलं. तुझं वाक्य तसंच उतरवते, कारण रोज एकदा वाचते. "सात दिवस ताकात राहून मुळातलं जवळजवळ सगळं निघून जातं, उरतो तो चोथा. कोंबड्या जगल्या त्या सातविणीच्या सालीनं, त्याही सगळ्या नाहीत, आणि ताप मुळासकट गेलाच नाही. कळलावी घातली नसती तरी काही अडलं नसतं."

म्हणजे माझ्या सासूनं जपला तो चोथा. तिच्या सासूनं जपला तोही चोथा. आम्ही तिघींनी कडब्याखाली चोथा पुरून ठेवला आणि त्याला हाताचा गुण म्हणालो. तुमच्या डॉक्टरांना सांग, कागदावर माझं नाव घालू नका. घातलं असेल तर खोडा.

तुझ्या पत्रात बाकी काही नाही. बरी आहेस का नाहीस, इकडे येशील का नाही, काही नाही. खाली फक्त एक ओळ, "आजी, आणखी काही मागे ठेवलं आहेस का?"

दिवाळीचे चार दिवस मी त्या ओळीपुढं बसून काढले.

व्हय. ठेवलंय.

आता हाय लिहिते, मास्तर आला तरी येऊ दे.

जोतिबाभावजी देवीच्या कोपानं गेले न्हाईत. त्या साली धोंडुबाई नवी जाऊ, माझ्यापरास गोरी, माझ्यापरास लाडकी. सासूनं औषध मला दिलं म्हणून ती रोज मागं लागायची, "जाऊबाई, मला बी सांगा की, मी बी या घरचीच सून." एक दिवस कंटाळून सांगितलं. सगळं सांगितलं. ताक सोडून. म्हटलं, हिला गुण यायचा न्हाई, चार लोक हसतील, गप बसंल. मेंढरं त्या झाडाला तोंड लावत न्हाईत हे मला तवा बी ठावं हुतं. पर माणूस मरंल असं मनात आणलं न्हाई. आणायचं हुतं.

मी माहेरी गेले. भावजींना ताप आला. तिनं आपल्या हातानं पाजलं.

परत आले तवा ती राखेची बोटं घेऊन दारात बसली हुती. मला म्हणली, "जाऊबाई, माझ्या हातनं काय चुकलं?" मी तवा ताक एवढा एक शबुद बोलले असते तर झालं असतं. मी म्हणले, "तुझ्या हाताला गुण न्हाई, धोंडे."

सत्तावीस वर्षं ती हेच धरून बसली हाय. कपाळाला कुंकू न्हाई आन हाताला गुण न्हाई. लेकराला हळद लावत न्हाई. आन रोज सकाळी मला ताक आणून देती. मी मागितलं न्हाई कधी. पहिल्या वर्षी तिनंच सुरू केलं, म्हणली, "माझ्या हातचं दुसरं कुणी खायाचं न्हाई, तुमी तेवढं ताक घेता का?" मी घेतलं. त्याच ताकात मुळं भिजत घातली. सत्तावीस वर्षं तिच्या हातच्या ताकानं ते विष उतरत हुतं आन तिला ठावं न्हाई.

तुला सांगितलं तवा मला म्हाईत हुतं चंद्रा, ह्या मुळानं माणूस मरतो. म्हाईत असून तुझ्या वहीत तसंच लिवू दिलं. पत्र जात्याखाली ठेवलं तवा बी म्हाईत हुतं.

आता काय राहिलं न्हाई.

साबेराला काय सांगायचं ते तू ठरव. न्हाईतर मला बोलव, मी पायरीवर येऊन सांगते.

उंबऱ्यात मोगं वाजलं. धोंडुबाई आली हाय, कुणाला लिवताय म्हणून विचारती. तिला वाचता येत न्हाई. हे पत्र आधी तिला वाचून दावते, पहिल्या वळीपासून. त्यावर ती काय करंल मला म्हाईत न्हाई. पत्र तुला पोचलं, तर समज वाचून झालं.

रंगूबाई